पत्र्याखालची बाज

लातुरात क्लासेसच्या भागात ज्याच्या नावावर दोन खोल्यांची जागा होती, त्यानं तिच्यावर मजले चढवले. खाली मेस, वर पोरं, त्यांच्यावर पाण्याच्या टाक्या. डॉक्टर व्हायला अख्खा मराठवाडा इथं येऊन घोकंपट्टी करतो, आणि घोकून दमलेल्या पोराला रात्री पाठ टेकायला जागा लागते. हे ज्याला वेळेत कळलं त्याचं भलं झालं. त्या गल्लीत एकच घर बुटकं राहिलं होतं, ते लुंबिनी मॅडमचं. बुटकं राहिलं तेही लोकांनी खपवून घेतलं असतं. पण घरापुढच्या अंगणात चार लोखंडी खांबांवर एक पत्रा टाकलेला होता, तिन्ही बाजूंनी उघडा, आणि त्याच्याखाली एक बाज.

मॅडम बायोलॉजी छान शिकवतात, पण व्यवहारात कच्च्या आहेत, असं गल्लीचं एकमत होतं. बिल्डर लोक येत, चहा पीत, त्या पत्र्याकडं बघून हळहळत. लुंबिनी सगळ्यांना हसून वाटेला लावी. तिला बघायला आलेल्या स्थळांनाही तिनं हेच सांगितलं होतं: मी येईन, पण माझ्याबरोबर माझी आई येईल आणि आईबरोबर हा पत्रा येईल. आईपर्यंत स्थळं मान डोलावत. पत्र्यापाशी त्यांना काहीतरी काम आठवे. पुढं तिनं स्थळं बघायचंच सोडून दिलं.

पत्र्याचं कारण सरळ होतं. तिची आई चांगुणा भूकंपानंतर एकदाही घराच्या छताखाली झोपलेली नव्हती. ऊन असो, पाऊस असो, दिवसभर ती घरात वावरायची, भाकरी थापायची, भांडी घासायची; झोपायला मात्र बाहेर. पत्रा अंगावर पडला तर माणूस वाचतो, एवढाच तिचा हिशेब होता.

भूकंपाआधी किल्लारीजवळच्या एका गावात त्यांचं घर होतं. बाप नरसिंग, एसटीत कंडक्टर. बौद्धवाड्यात सगळ्यांच्या कुडाच्या भिंती आणि वर पाचटाचं छप्पर. नरसिंगनं पगारातून पैसा साठवून दगडाचं घर बांधलं, गावातल्या वाडेवाल्या लोकांसारखं, जाड भिंतींचं, वर मातीचं माळवद. लोक बघायला यायचे. नरसिंग भिंतीवर थाप मारून दाखवायचा. पुढं धरणी हलली तेव्हा कुडाच्या झोपड्या झुलून जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि बौद्धवाड्यातलं ते एकच दगडी घर खाली बसलं.

त्या रात्री गणपती बुडवायची मिरवणूक होती. वाजंत्री कुणाची ते पोरांना कळत नसतं, वाजतंय एवढंच कळतं. अकरा वर्षांची लुंबिनी आणि सहा वर्षांचा आनंदराज नाचून नाचून दमले आणि अंगणातल्या बाजेवरच झोपले. बाप मुक्कामी गाडीवर होता. पहाटे चांगुणाला जाग आली. दव पडत होतं आणि पोरांची पांघरुणं ओली लागत होती. तिनं आनंदला उचललं, आत नेलं, भिंतीकडेला वाकळ टाकून निजवलं. मग ती पोरीला न्यायला बाहेर आली. अकरा वर्षांची पोर काही उचलून नेता येत नाही. म्हणून ती तिला हलवून उठवत होती. लुंबे, उठ, दव पडायलंय. लुंबिनी कुरकुरत उठून बसली, आणि जमिनीतून ट्रक गेल्यासारखा आवाज आला.

पुढचं सांगण्यासारखं नाही. चांगुणानं हातांनी दगड उपसले. आत बराच वेळ आवाज येत होता, मग येईनासा झाला.

सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना ती लुंबिनीला एकदाच म्हणाली, मीच आत नेलं त्याला. पुन्हा कधी त्यावर बोलली नाही. नरसिंगला वाटत राहिलं की घर आपण बांधलं. तिला वाटत राहिलं की लेकराला आपण उचललं. दोघं नवरा-बायको पुढची कितीतरी वर्षं एका ताटात जेवले आणि हे एकमेकांना बोलले नाहीत. नरसिंग असाच एके दिवशी झोपेत गेला. आनंदचा एकही फोटो मागं उरला नव्हता. जे काही होतं ते ढिगाऱ्यात. तो कसा दिसायचा, हसताना कोणता दात पडलेला दिसायचा, हे जगात आता दोनच माणसांना माहीत होतं.

त्यातल्या एका माणसाचा मेंदू झिजायला लागला.

आधी चांगुणा गॅस चालू ठेवून विसरायला लागली. मग तेच तेच विचारायला. मग गल्लीत भाजी आणायला गेली आणि घर सापडेना म्हणून एका हॉस्टेलच्या पायरीवर बसून राहिली. लुंबिनी तिला डॉक्टर मुज्तबांकडं घेऊन गेली. डॉक्टर मूळचे उदगीरचे, त्यांची पोरगी लुंबिनीकडंच शिकलेली, त्यामुळं त्यांनी आडपडदा ठेवला नाही. मेंदूची फिल्म उजेडावर धरून कानशिलाच्या आतला एक भाग दाखवला. तिथं जेवढं भरलेलं दिसायला हवं होतं तेवढं नव्हतं, काळी पोकळी दिसत होती. तो भाग लुंबिनी दर वर्षी फळ्यावर काढायची. खाली नाव लिहायची, हिप्पोकॅम्पस, आणि पोरांना सांगायची की आज जे घडतं ते आधी इथं उतरतं आणि इथून हळूहळू मेंदूच्या वरच्या थरांत जाऊन मुरतं. हा आजार नवं आधी खातो, जुनं शेवटी. कणगीतलं धान्य जसं वरून संपत जातं, तसं. पोरं कणगी शब्दाला हसायची आणि लिहून घ्यायची, कारण प्रश्न मार्कांचा होता.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, औषधानं थोडं सावकाश होईल. थांबणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, मावशी गोष्ट विसरतील, पण तिच्यामुळं झालेलं सुख नाहीतर दुःख लगेच विसरणार नाहीत. ते मनात रेंगाळतं."

लुंबिनीनं मान हलवली. तिला हे पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टीचं एक वाईट असतं, की ती आपल्याच घरात घडेल असं वाटत नाही.

कणगी वरून रिकामी होत गेली. टाळेबंदीचं साल गेलं. लातूरचं घर कधी बांधलं ते गेलं. मग नरसिंग मेल्याचं गेलं, आणि चांगुणा संध्याकाळी त्याचं ताट वाढून ठेवायला लागली. लुंबिनीनं तिला समोर बसवून खरं सांगितलं. चांगुणा म्हणाली, असं व्हय, आणि तिनं ताटातली भाकर परत दुरडीत ठेवली. लुंबिनीला वाटलं, बरोबर केलं आपण. खोटं बोलायचं नाही हे तिच्यात याच बाईनं मुरवलं होतं. रोज दिवेलागणीला बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून मायलेकी पंचशील म्हणायच्या. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणी लुंबिनी एकदा खोटं बोलली होती तेव्हा चांगुणानं तिला तेवढी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लावली होती, जीभ वळेपर्यंत. आता आईला सकाळचं जेवण आठवत नव्हतं, पण पंचशील एका दमात, एक शब्द न चुकता यायचं.

दिवसभर आईजवळ थांबायला शबाना नावाची बाई ठेवली होती. स्वभावानं गरीब, सांगितलेलं मोडायचं नाही एवढं तिला ठाऊक. लुंबिनीनं तिला बजावून ठेवलं, अम्मा काही विचारतील तर खरं सांगायचं. वेड्यासारखं काहीबाही बोलून त्यांना फसवायचं नाही.

मग दिवाळीनंतरच्या थंडीत ते घडलं. लुंबिनी सकाळी चहा घेऊन बाहेर आली तर बाज रिकामी. गल्लीत पळणार तेवढ्यात मागं वळून बघितलं, तर चांगुणा आतल्या खोलीत, स्लॅबखाली, भिंतीला लागून गाढ झोपलेली.

लुंबिनी दारातच बसली आणि हुंदके देऊन रडली. जवळजवळ तीस वर्षांनी आई घरात झोपली होती. शाळकरी वयापासून तिची एकच इच्छा होती, की या बाईची भीती एकदा तरी सुटावी. त्या दिवशी तिनं क्लासमध्ये पेढे वाटले. फिजिक्सच्या कलीम सरांनी विचारलं, कुणाचं जमलं का मॅडम? ती म्हणाली, आमच्या आईचं जमलं, तिचं आणि घराचं.

बाईसाहेब एवढ्या शिकलेल्या, दर वर्षी शेकडो पोरांना हेच शिकवणाऱ्या, आणि डोक्यात उजेड पडला नाही. आईनं वाकळीचा अर्धा भाग बाजूला मोकळा अंथरून ठेवलेला तिला सकाळीच दिसला होता. थंडीत आई स्वतः कडेला आखडून झोपली होती. लुंबिनीला वाटलं, घरात झोपायची सवय नाही, म्हणून.

संध्याकाळी ती पेढ्याचा उरलेला पुडा घेऊन घरी आली. चांगुणानं एक पेढा खाल्ला आणि दुसरा बाजूला ठेवला.

"हा आनंदला. कुठं हुंदडायलाय की. दिवस बुडाला."

लुंबिनीच्या हातातला पुडा तसाच राहिला. भीती सुटली नव्हती. भूकंपच गेला होता. कणगी तिथवर उतरली होती, आणि तिनं त्याचे पेढे वाटले होते.

ती आईपुढं बसली आणि जसं नरसिंगचं सांगितलं होतं तसं सांगितलं. "माय, आनंद न्हाई आता. भूकंपात गेला त्यो."

"कोणता भूकंप?" चांगुणानं विचारलं.

लुंबिनीनं सांगितलं. चांगुणा ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. ते सारं तिला आत्ता, पहिल्यांदा कळत होतं. मग तिनं छाती पिटली. मिरवणुकीतून आत्ताच घरी आलेलं पोर समोर मेलेलं पडलंय, अशी ती रडली. मध्येच थांबून म्हणाली, "आपून भायेर झोपलो हुतो की. मग त्याला आत कुणी नेलं?"

खरं बोलायचं व्रत घेतलेली लुंबिनी उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेली.

थोड्या वेळानं चांगुणा सगळं विसरली. पण अंगणात बसून तिचे डोळे वाहतच राहिले. "लुंबे, मला रडू कामून यायलंय?" ती विचारायची. लुंबिनी तिचे डोळे पुसून द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा आनंदची विचारपूस, पुन्हा खरं, पुन्हा तोच आकांत. असं किती वेळा झालं ते लुंबिनीनं मोजलं नाही. तिला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं, पण तिनं हट्ट सोडला नाही. हट्टामागं शील होतं तसं एक भेवही होतं. आई एकदा म्हणाली की आनंद खेळायला गेलाय, आणि आपणही हो म्हटलं, तर मग तो मेला हे जगात एकट्या आपल्यालाच माहीत राहणार. एवढं एकटीनं उचलायची तिची तयारी नव्हती. लुंबिनीचं हे चुकलंच. पण तिच्या जागी बसून बघितलं तर तिच्यावर रागावताही येत नाही.

शेजारी जुनं घर पाडून हॉस्टेल उठत होतं. जुन्या पायाच्या दगडांचा ढीग गल्लीला लागून पडला होता. एके दिवशी दुपारी लुंबिनी भरल्या वर्गात मेंदूचाच धडा घेत होती. शिपाई दारात येऊन म्हणाला, मॅडम, घरून बोलावलंय, लवकर. ती खडू हातात घेऊनच स्कूटीवर बसली.

चांगुणा दगडांच्या ढिगावर गुडघे टेकून बसली होती आणि हातांनी दगड काढून मागं टाकत होती. नखं फुटली होती, बोटांतून रक्त येत होतं. गवंडी आणि बिगारी बाजूला खाली माना घालून उभे होते. शबाना रडत रडत सांगत होती, अम्मा पूछे, बेटा कहाँ है, तो मैं सच बोली मॅडम, आप बोले थे ना. मग अम्मा ढिगाकडं पळाली.

लुंबिनी ढिगावर चढली. तिनं आईचा हात धरला, तो चांगुणानं झिडकारला.

"गप ऱ्हावा जरा," ती म्हणाली. "आवाज यायलाय त्याचा. मीच निजवलं त्याला आत. दव पडायलं हुतं."

ते कणगीच्या तळाशी होतं. सगळं गेलं तरी ते गेलं नव्हतं. आणि ते खरवडून वर काढायचं काम लुंबिनीनं रोज, नेमानं केलं होतं. तिला स्वतःची एवढी घृणा आली की ती तिथंच दगडावर बसली. मग तिनं आईच्या बरोबरीनं एक दगड उचलला, मागं टाकला, दुसरा उचलला. खडूचे पांढरे हात मातीनं भरले. थोडा वेळ दोघी काढत राहिल्या. मग ती आईच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली,

"माय, निघाला त्यो. आनंद निघाला. लोकांनी काढला त्याला."

चांगुणाचे हात थांबले. "जित्ता?"

"हाव. जित्ता. खरचटलंय नुसतं."

चांगुणानं तिच्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. लुंबिनीनं नजर काढली नाही. लहानपणी हीच बाई तिच्या डोळ्यांत बघून खोटं ओळखायची. आज तिला ओळखता आलं नाही.

"कुठंय?"

"घरी. तू चल."

चांगुणा लुंबिनीच्या खांद्यावर भार देऊन खाली उतरली. लुंबिनीनं तिचे हात कोमट पाण्यानं धुतले, हळद भरली, चिंध्या बांधल्या. तेवढ्यात ढीग आणि दगड चांगुणा विसरूनही गेली. हात कशानं दुखायलेत म्हणून विचारू लागली. पण संध्याकाळभर ती हसतमुख होती. दूध-भाकरी चुरून दिली ती सगळी खाल्ली, शबानाला लेकरंबाळं किती म्हणून विचारलं, मधूनच कुणाचं तरी बोलणं ऐकल्यासारखं हसली. का हसू येतंय हे तिला माहीत नव्हतं. लुंबिनीला माहीत होतं. तिनं शबानाचे दोन्ही हात हातांत घेतले आणि चूक माझी होती, तुझी न्हाई, असं सांगून तिला घरी धाडलं.

दिवेलागणीला मायलेकी तसबिरीपुढं बसल्या. चिंध्या बांधलेले हात जोडून चांगुणा पंचशील म्हणू लागली. चौथ्या शीलापाशी लुंबिनीनं मान खाली घातली. आईनं एकटीनंच ती ओळ म्हटली, खणखणीत, आणि पाचव्यावर लेकीची वाट बघत थांबली. लुंबिनीनं पाचवं शील तिच्या बरोबरीनं म्हटलं.

जेवणं झाली. थंडी वाढली. लुंबिनी अंगणात बाजेवरची वाकळ आवरायला गेली, तशी चांगुणा आतल्या खोलीतून बोलली.

"लुंबे, आनंद भायेरच झोपलाय न्हवं? दव पडायलंय. माझ्या हातानं उचलवंना गं. तू घे त्याला आत."

लुंबिनी बाजेपाशी उभी राहिली. आयुष्यात कुणी दुसरं काहीही सांगितलं असतं तर तिनं केलं असतं, हे एक सोडून. घर समोर होतं. आत उजेड होता, वर स्लॅब होता. तिनं वाकळ गुंडाळली, दोन्ही हातांवर घेतली, एक टोक खांद्यावर टाकलं, आणि झोपलेलं पोर न्यावं तशी सावकाश आत नेली. भिंतीकडेला ठेवली.

"घेतला, माय," ती म्हणाली.

चांगुणानं वाकळीवर चिंधीचा हात फिरवला, तिच्यावर आपला पदर घातला. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठू लागली. "पोरगी ऱ्हायलीया भायेर. तिला उठवून आणते."

"मी हाय की, माय. हितं."

चांगुणानं तिच्याकडं परक्या बाईकडं बघावं तसं, पण प्रेमानं बघितलं. "तुमी न्हवं, बाई. माझी लुंबी. त्याच्यापेक्षा थोरली हाय. लई वजनाची झालीया, उचलत न्हाई."

लुंबिनी मागच्या दारानं बाहेर पडली, घराला वळसा घालून पुढं आली आणि पत्र्याखालच्या बाजेवर आडवी झाली. पाय पोटाशी घेतले, डोळे मिटले. गालांवरून पाणी कानात उतरत होतं, ते तिनं पुसलं नाही. झोपलेलं पोर डोळे पुसत नसतं.

चांगुणा चौकटीला धरत धरत आली. बाजेवर बसली. दुखऱ्या हातानं तिनं चाळिशीतल्या लेकीचा खांदा हलवला.

"लुंबे, उठ. दव पडायलंय."

लुंबिनी कुरकुरत उठून बसली. तिनं घराकडं बघितलं. घर उभं होतं. चांगुणानं तिचा हात धरून ओढला, चल, आनंद आत एकटाच हाय, आणि लुंबिनी तिच्यामागं आत गेली. वाकळ मध्ये घेऊन दोघी झोपल्या. भूकंपाच्या त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच तिघंही घरात होती, आणि हे फक्त लुंबिनीला माहीत होतं.